हातभर कमी पडलेली साखळी

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. साखळीने माझ्या मानेवरचे केस गेले ते पुन्हा उगवले नाहीत, म्हणून पोरे मला हसतात. हसोत बापडी. माझी जात टेरियर. विलायतेत माझे पूर्वज बिळात शिरून कोल्हे हुसकावत. बिळाचा वास आला की आमचे पाय आमच्या ताब्यात राहत नाहीत.

माझा जन्म परळच्या एका साहेबाच्या बंगल्यात झाला. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याने घोडे विकले आणि कुत्र्यांना ओळीने बांधून गोळ्या घातल्या. मागे हाल होऊ नयेत म्हणून, असे तो म्हणाला. माझी आई त्यातच गेली. मोठ्यांची माया अशीही असते. मला मात्र घोड्यांची निगा राखणाऱ्या गंगाधरने चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या, पोत्यात लपवून लालबागच्या चाळीत आणले.

त्याची बायको दुर्गा मला पाहून नाक मुरडू लागली. पण तांदळाच्या मडक्यामागचे उंदीर मी संपवले, तेव्हा तिने आपल्या भाकरीतला तुकडा मोडून मला घातला. त्यांच्या लेकीने, शांतीने, माझे नाव खंड्या ठेवले. शेजारणी येत, "दुर्गे, तुझा खंड्या जरा आमच्यात सोड गो." मी जाई आणि फत्ते करून येई. संध्याकाळी शांती मला मैदानात पळवी. माझ्या जातीला धावणे अन्नाइतकेच लागते, हे त्या चिमुरडीला कुणी शिकवले नव्हते.

मग गणपती आले. दुर्गाच्या कोकणातल्या गावी त्या दिवसांत उंदरालाही नैवेद्य दाखवत. ती रीत तिने मुंबईतही सोडली नव्हती. तिने बिळाशी भाताचे पान मांडले आणि हात जोडले. उंदीर आला. तिच्या जोडलेल्या हातांसमोर मी त्याची मान मोडली आणि शाबासकीसाठी शेपटी हलवत उभा राहिलो.

"मेल्या, देवाच्या वाहनाचाच जीव घेतलास?" दुर्गा पांढरीफटक पडली.

"अगो, कुत्रा खंडोबाचा, उंदीर गणपतीचा," गंगाधर म्हणाला. "देवांची भांडणं आपण कशाला सोडवायची?"

"हसू नका तुम्ही. पुढल्या गणपतीपर्यंत ह्याच्या दाताखाली उंदीर जायचा नाही. शांतीच्या गळ्याची शप्पथ."

मला कोपऱ्यात साखळी पडली. अंगावर गोचिड्या झाल्या, नखे वाढून वळली. शेजारणी आता माझ्याकडे बघतही नसत. आणि त्या हिवाळ्यात शहरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. उंदीर दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात बाहेर येऊन मरू लागले.

एका दुपारी शांती गोधडीवर झोपली होती. दुर्गा नळावर गेलेली. एक उंदीर लटपटत आला, शांतीच्या पायांवरून चढला आणि गोधडीच्या घडीत शिरला. त्याचा वास मला बरा वाटला नाही. मी झेप घेतली. साखळी हातभर कमी पडली. मी गळा फाटेस्तोवर भुंकलो. दुर्गा धावत आली आणि तिने चुलीची फुंकणी माझ्या पाठीत घातली. "पोरीची झोप मोडतोस?" गोधडीच्या घडीत मरून पडलेला उंदीर तिने हलकेच उचलला आणि त्याला नमस्कार केला.

पुढे शांतीला ताप भरला, जांघेत गाठ आली. "आई, खंड्याला सोड ना गो," ती कण्हत म्हणायची. दुर्गा तिचे कपाळ पुसे, पण साखळीला हात लावत नसे. शांती गेली, तेव्हाही मी बांधलेलाच होतो.

"त्या एका उंदरासाठी देवानं माझी पोर नेली," दुर्गा माझ्याकडे बघून म्हणाली.

चाळ ओस पडू लागली, तशी त्यांनीही गावची वाट धरली. बोचकी बांधून झाल्यावर गंगाधर वाकला. त्याचा हात माझ्या साखळीपर्यंत आला.

"शप्पथ आहे," दुर्गा म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. दुर्गाने बिळाशी उंदरांसाठी भाताचे पान मांडले, माझ्यापासून दूर, आणि बाहेरून कुलूप लागले.

तो भात माझ्या डोळ्यांदेखत वाळला. खायला एकही उंदीर आला नाही. सगळे मेले होते. प्लेगची घरे औषधाने धुणारे सरकारी लोक दार फोडून आले, तेव्हा मी भिंतीचा चुना चाटत होतो. त्यांच्यातल्या एकाने आधी मला लाथ मारली, मग साखळी तोडली.

मित्रांनो, शिकारी जातीचे कुत्रे हौसेने घरी आणाल, तर त्याला रोज पळवा, त्याच्या गोचिड्या काढा. आणि बांधायचेच असेल, तर तुमचे मूल झोपते तिथवर पोहोचेल एवढी तरी साखळी लांब ठेवा.