कठड्यावरून पडलेली ताटी

मित्रांनो, डांबर वितळून चपलेला चिकटू लागलं की ज्याची आठवण होते आणि मृग लागला की ज्याचा विसर पडतो, तो मी नागपूरचा एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, चंदेरी रंगाचा, गोदरेजच्या कपाटाहून थोडा बुटका. रंग जागोजागी सोलवटला आहे. एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवलेला आहे. पण पंखा फिरतो, पंप पाणी चढवतो, म्हणजे मी अजून कामात आहे.

माझा जन्म इतवारी बाजारामागच्या एका अरुंद गल्लीत झाला. दिवसभर पत्रा ठोकण्याचा आवाज चालायचा. एका कारागिराने माझी टाकी वाकवली, दुसऱ्याने तीन बाजूंना झरोक्यांच्या ताट्या बसवल्या. ताटी म्हणजे माझं दारच म्हणा ना. तिच्यात वाळ्याचं गवत भरतात, वरून पाणी झिरपतं आणि बाहेरची गरम हवा त्या ओल्या गवतातून गार होऊन घरात शिरते. चौथ्या बाजूला पंखा. बस, एवढीच माझी रचना.

मला मधुकररावांनी आणि शामलाबाईंनी विकत घेतलं. त्यांचा रोहित त्या वर्षी दहावीला होता. मला हातठेल्यावर चढवलं आणि शामलाबाई सगळी वाट माझ्या शेजारून एका हाताने मला धरून चालल्या. ठेलेवाला हसून म्हणाला, "पडत नाही बाई तो!" तरी त्यांनी हात सोडला नाही.

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, झोपायच्या खोलीच्या खिडकीला तोंड लावून मला उभं केलं. माझे ते दिवस मोठे मानाचे होते. मे महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायचा, तेव्हा आजूबाजूची माणसं दुपारी आमच्या खोलीत येऊन पडायची. शामलाबाई टाकीत बादलीने पाणी ओतायच्या आणि वाळ्याचा पहिला वास सुटला की डोळे मिटून म्हणायच्या, "आता आला उन्हाळा!" जणू मीच तो घेऊन आलो होतो.

मग रोहित शिकून पुण्याला गेला. त्याचं लग्न झालं, मूल झालं. नातवाला उकडू नये म्हणून त्याने पुढच्या खोलीत एसी बसवला. तो आला की एसी चालायचा. तो गेला की मधुकरराव पुन्हा माझ्याकडे यायचे. शामलाबाई वारल्या त्या वर्षी मला कोणी गवत भरलं नाही. मधुकरराव कोरड्या ताट्यांसमोर झोपले. कदाचित त्यांना कळलंही नसेल.

यंदाच्या मार्चमध्ये मात्र त्यांनी स्वतः गवत आणलं. शामलाबाई असताना हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी माझी डावी ताटी काढली, गॅलरीच्या कठड्यावर आडवी ठेवली आणि दोन्ही हातांनी गवत पसरू लागले. सुतळी घ्यायला वळले, तेवढ्यात ताटी घसरली.

खाली कामिनीची गाडी उभी होती.

कामिनी आमच्या इमारतीत तळमजल्यावर दसऱ्यापासून राहते. मूळची नागपूरजवळच्या खाप्याची. एका बँकेत नोकरी करते, रोज मेट्रोने जाते, आणि घरी एकटीच असते. महिन्याभरापूर्वी तिने ही लाल गाडी घेतली होती. सुटीच्या दिवशी ती गाडी पुसायची आणि मधुकरराव वरून पाहायचे. जिन्यात गाठ पडली तर "नमस्ते काका," "नमस्ते बेटा," एवढंच. सहा महिन्यांत दोघांत दुसरा शब्द झाला नव्हता.

ताटी बोनेटवर कोपऱ्याने आदळली. मोठा आवाज झाला. मधुकरराव खाली वाकून पाहत राहिले. मग लगबगीने जिना उतरले, ताटी उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि तिला छातीशी धरून वर घेऊन आले. ताटीच्या कोपऱ्यावर लाल रंगाचा ओरखडा उठला होता. त्यांनी ती तशीच माझ्या अंगावर लावली, लाल कोपरा भिंतीकडे करून, आणि पलंगावर जाऊन बसले.

मित्रांनो, मी त्यांना इतक्या वर्षांत कधी काही लपवताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी रोहितला फोन लावला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. काय झालं? लवकर सांगा."

मधुकररावांनी सांगितलं.

"किती खर्च आला ते कळवा, मी टाकतो. आणि तो डबडा कूलर आता भंगारात द्या बरं. ठेवू?"

"ठेव," मधुकरराव म्हणाले. फोन केव्हाच बंद झाला होता. ते तो कानाला लावून बसले होते.

मुलगा पैसे द्यायला तयार होता, तो काही वाईट नव्हता. पण त्यांना पैसे नको होते. खाली जाऊन काय बोलायचं, हे त्यांना कोणाला तरी विचारायचं होतं. असं विचारायला घरात आता मीच उरलो होतो, आणि मला तर बोलता येत नाही.

संध्याकाळी कामिनी आली. गेट उघडून ती दोन पावलं चालली आणि थबकली. बोनेटवरच्या पोच्यावरून तिने बोटं फिरवली. मग ती तडक समोरच्या घरी गेली. तिथे कृष्णकांत राहतो. त्याचा टेम्पो आहे आणि तो रोज आमच्या गेटात टेम्पो मागे घेऊन वळवतो.

"दादा, बाहेर या! टेम्पो मागे घेताना माझी गाडी ठोकली ना तुम्ही?"

कृष्णकांत टॉवेलने मान पुसत बाहेर आला. "मी? ताई, मी तं सकाळपासून इतवारीत माल उतरवून राहिलो होतो. आत्ता आलो."

"मग कोणी ठोकली? इथे दुसरा कोणाचा टेम्पो फिरते?"

"गरिबाचाच नंबर लागते पहिले," कृष्णकांत म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला.

मधुकररावांनी गॅलरीचा कठडा घट्ट धरला होता. "थांब बेटा," ते म्हणाले, पण ते मलाच जेमतेम ऐकू आलं. मग ते वळले आणि अनवाणीच जिना उतरले.

"त्याले नको बोलू," खाली पोचताच ते म्हणाले. "माझ्या हातून झालं. कूलरची ताटी सुटली वरून."

"तुमच्या हातून? कधी?"

"दुपारी."

"दुपारी? आणि आता सांगून राहिले तुम्ही?"

"भीती वाटली बेटा."

बहात्तर वर्षांचा माणूस रस्त्यावर उभा राहून हे म्हणाला. कृष्णकांतने टॉवेल खांद्यावर टाकला. "होते काका," एवढंच म्हणून तो आत गेला.

कामिनी पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रागही होता. "रविवारी बाबा येऊन राहिले खाप्याहून. गाडी पूजेले रामटेकला न्यायची आहे. ते पहिलेच म्हणत होते, एकट्या पोरीले गाडी कशाले पाहिजे? आता पाहतील तं म्हणतील, ठोकली ना!"

"जो खर्च येईल तो माझा," मधुकरराव म्हणाले.

"खर्चाचं नाही हो काका. इन्शुरन्स आहे. फक्त क्लेम केला की पुढच्या वर्षीची सवलत जाते."

"मग इन्शुरन्स नको. चूक माझी, तर तुझी सवलत काहून जाईल? तू फक्त कुठे न्यायची ते सांग."

दुसऱ्या दिवशी ती गाडी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये दाखवून आली. त्यांनी आख्खं बोनेट बदलायला सांगितलं. रक्कम ऐकून मधुकरराव म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या पेन्शनचा मला अंदाज आहे. त्या महिन्यात त्यांनी दूध अर्धं केलं असतं आणि कोणाला सांगितलंही नसतं.

कामिनीलाही ते दिसलं असावं, कारण ती तशीच कृष्णकांतच्या दारात गेली. "दादा, काल चुकलंच माझं. विचारायच्या आधीच बोलली मी," ती म्हणाली. मग शोरूमचा खर्चही सांगितला. तो संध्याकाळी आपल्या ओळखीच्या ताराचंद पेंटरला घेऊन आला. ताराचंदने बोनेट उघडलं आणि आतून बाहेरून बोटांनी ठोकून पाहिलं.

"बदलाची काही गरज नाही. पोचा आतून काढतो, पुट्टी भरतो, रंग मारतो. पण सोमवारच्या आधी रंग होत नाही. पुट्टी वाळू द्या लागते."

"रविवारी पूजा आहे," कामिनी म्हणाली.

"मग पुट्टी मारून देतो, तशीच न्या. सोमवारी परत आणा."

त्याने सांगितलेली रक्कम शोरूमच्या पाव हिश्शाचीही नव्हती. मधुकररावांनी अर्धे पैसे तिथेच दिले आणि ताराचंदला दोनदा विचारलं, "रंग जुळेल ना? पोरीची नवीन गाडी आहे."

त्या आठवड्यात आमच्या घराची बेल बऱ्याचदा वाजली. कामिनी गाडीचं काम कुठवर आलं ते सांगायला यायची. एकदा तिने मुगाची खिचडी आणली. एकदा ती गॅलरीत आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हाच का तो?" मधुकरराव म्हणाले, "हाच," आणि पुष्कळ दिवसांनी हसले. मला थोडं लागलं, पण मी ते सोसलं. त्यांचं हसू मी शामलाबाईंच्या वेळचं ओळखत होतो.

रविवारी सकाळी गणपतराव आले. कामिनीचे वडील, शेतकरी माणूस, पांढरा सदरा, हातात नारळाची पिशवी. गेटमधून आत येताच त्यांची नजर बोनेटवर गेली. लाल गाडीवर करड्या पुट्टीचं ठिगळ लांबूनही दिसत होतं.

"ठोकली ना शेवटी?" ते म्हणाले. नमस्कारही झाला नव्हता.

"बाबा, मी नाही ठोकली. वरचे काका..."

"आता वरच्या काकाचं नाव घे. म्या म्हटलं होतं का नाही तुले? बसनं काय वाईट होतं?"

कामिनीने मान खाली घातली. मी वरून पाहत होतो. मधुकरराव खोलीत नव्हते. ते इस्त्रीचा शर्ट घालून, या वेळी चपला घालून, केव्हाच जिन्यात उतरले होते.

"नमस्कार. मी मधुकर. गाडीले पोचा माझ्यामुळे पडला. तिची काही चूक नाही."

गणपतरावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, तुमचा स्वभाव चांगला आहे. पोरीले वाचवून राहिले तुमी. पण मले सवय आहे तिची."

"वर चला," मधुकरराव म्हणाले.

"काहून?"

"चला तं सही."

आणि मित्रांनो, ते तिघे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मधुकररावांनी माझी डावी ताटी काढली, भिंतीकडे वळवलेला कोपरा उजेडात धरला. लाल ओरखडा अजून तसाच होता. त्यांनी तो पुसला नव्हता.

"मी त्या दिवशी हे लपवून ठेवलं होतं," ते म्हणाले. "तिनं दुसऱ्यावर आळ घेतला तेव्हा खाली गेलो. नसता घेतला, तर गेलो असतो का, माहीत नाही. पण तिनं गाडी ठोकली नाही, हे खरं आहे. दुरुस्तीचा खर्चही माझाच आहे."

गणपतरावांनी ताटी हातात घेतली. कोपऱ्यावर अंगठा घासला. मग कठड्यावरून खाली वाकून गाडीकडे पाहिलं. वळले तेव्हा ते मधुकररावांशी बोलले नाहीत, कामिनीशी बोलले.

"तूच चालवत नेशील ना रामटेकपर्यंत?"

"हो बाबा."

"मग मी पुढंच बसतो." आणि मग मधुकररावांकडे पाहून, "तुमी बी चला साहेब. गाडीच्या खर्चात तुमचा हिस्सा, तं नारळात बी पाहिजे."

"माझं काय काम तिथे?" मधुकरराव म्हणाले.

"काम नाही म्हणून तं चला म्हणून राहिलो."

मधुकररावांनी ताटी घाईघाईने माझ्या अंगावर बसवली, पाकीट घेतलं, चाव्या घेतल्या आणि निघाले. सकाळपासून मी चालू होतो, घाईत मला बंद करायचं राहून गेलं.

त्या दिवशी मी रिकाम्या घराला गार हवा देत राहिलो. पलंगावर कोणी नव्हतं. चादर हलत होती. दुपारी टाकीतलं पाणी संपलं, गवत कोरडं पडलं, पंप नुसता घरघरत राहिला. इतकी वर्षं कामात काढली, पण कोणासाठीच नाही असं काम मी पहिल्यांदाच केलं. वाईट वाटलं म्हणू, की बरं वाटलं म्हणू? ते घरात नव्हते, हेच चांगलं होतं. तरी माझी नजर गेटवर होती.

संध्याकाळी ते परतले. कपाळावर गुलाल होता. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी धावत येऊन बटण बंद केलं, माझ्या तापलेल्या अंगावर हात ठेवला.

"अरे, तू दिवसभर चालूच राहिला काय गा!"

मग त्यांनी बादली भरली. एकदा, दोनदा, दम घेत तिसऱ्यांदा. पाणी टाकीत पडलं आणि माझा पंप थंड झाला. ते गॅलरीतल्या स्टुलावर बसले. खाली कामिनीने वडिलांना बसवर पोचवून गाडी लावली होती आणि दार लोटून घेतलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. वरच्या घरात मधुकररावांनी दिवा लावलाच नाही. दोघंही आपापल्या घरात एकेकटेच होते, कालच्यासारखेच.

मित्रांनो, आम्हां वस्तूंची काळजी घ्या. पंप कोरडा चालवू नका, ताटी कठड्यावर ठेवू नका, जुनं झालं म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. आणि तुमच्या हातून कोणाच्या वस्तूला पोचा पडला, तर पैसे पाठवून मोकळे होऊ नका. स्वतः जा, दार वाजवा, झालं ते सांगा, आणि दुरुस्ती होईपर्यंत जात राहा.

सोमवारी गाडी रंगाला गेली आणि तिसऱ्या दिवशी लखलखीत होऊन आली. रंग असा जुळला की पोचा कुठे होता ते मलाही वरून सांगता येईना. मधुकररावांनी उरलेले पैसे दिले. हिशेब मिटला. आता एकमेकांकडे जायला दोघांनाही काही कारण उरलं नाही.

आज पाच दिवस झाले, बेल वाजलेली नाही. आत्ता मधुकरराव खिचडीचा तिचा डबा घासून, पुसून, हातात घेऊन दाराशी उभे आहेत. रिकामा डबा परत कसा द्यावा, म्हणून पुन्हा आत वळून त्यांनी त्यात मूठभर फुटाणे घातले. आता चपला घालत आहेत.