दोन नावांचा एक कुत्रा

मित्रांनो, मी एक म्हातारा, काळा, दात पडलेला कुत्रा आहे. निदान मला तरी मी एकच वाटतो. कागद म्हणतात, मी दोन आहे.

माझा जन्म बंगळूरच्या चामराजपेटेत, एका नारळवाल्याच्या पोत्यांमागे झाला. समोरच्या घराच्या मालकीण ठकुबाई, मूळच्या निपाणीच्या, साड्यांना फॉल-पिको करतात. त्यांनी मला दूधभात घातला, काळ्या म्हटलं आणि दरवर्षी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात लस टोचून आणली. पुढे त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर नागपूरची श्वेता भाड्यानं राहायला आली. ती कॉम्प्युटरवर काम करते. तिनं मला बिस्किटं दिली, गळ्यात पट्टा बांधला आणि ब्रूनो म्हटलं. मी दोन्ही नावांना शेपूट हलवली. दोन घरचा पाहुणा उपाशी असं माणसं म्हणतात, मी मात्र दोन्हीकडे पोटभर जेवलो आणि बदल्यात इमानानं जिना राखला.

"कुत्रा माझा" यावरून दोघींची लटकी भांडणं होत. मला ती फार आवडत. श्वेतानं तर चार वर्षांपूर्वी माझा विमाही काढला. वयाच्या रकान्यात तिनं अंदाजानं चार लिहिलं. मी तेव्हा सातचा होतो. जिना उतरून ठकुबाईंना विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

गेल्या महिन्यात मी कुणीतरी दाणे खाऊन फेकलेलं मक्याचं एक कणीस अख्खं गिळलं. दात नसले की चावायचा प्रश्न येत नाही. दोन दिवस ओकत राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघींनी मला उचलून जयनगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर प्रियदर्शनींनी पोटाचा फोटो काढला.

"आतडं अडलंय. आज ऑपरेशन झालं नाही तर हा वाचणार नाही. अठ्ठेचाळीस हजार होतील."

"टेन्शन नका घेऊ, अक्का," श्वेता म्हणाली. "इन्शुरन्स आहे ना त्याचा."

विमावाल्यांनी फोनवर लसीचं कार्ड मागितलं. ते ठकुबाईंच्या पिशवीत होतं. श्वेतानं त्याचा फोटो पाठवला आणि उत्तर आलं: पॉलिसीतला ब्रूनो आठ वर्षांचा, कार्डावरचा काळ्या अकरा वर्षांचा, तेव्हा हा कुत्रा दुसराच. मी पडल्या पडल्या तो दुसरा कुत्रा शोधला. खोलीत एक मांजर तेवढं दिसलं.

"अर्धे आत्ता भरा, उरलेले सहा हप्त्यांत," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त या फॉर्मवर मालकाची सही लागेल. मालक कोण?"

मित्रांनो, ज्या भांडणांनी मी इतकी वर्षं सुखावलो, ती नेमकी तेव्हाच बंद पडली. श्वेताच्या कार्डावर आधीच फ्रिजचा हप्ता चालू होता. ती मोबाईलकडे बघत राहिली. ठकुबाई पिशवीचे बंद बोटाला गुंडाळू लागल्या. मला काही कळेना. मी कुणाचं काय बिघडवलं होतं? दोघींपैकी कुणाकडे बघायचं? पोटात कळा येतच होत्या, पण ते अर्धं मिनिट मला जास्त दुखलं.

शेवटी ठकुबाई बोलल्या. "श्वेता, तुझं घराचं अ‍ॅडव्हान्स, ती अनामत, माझ्याकडं बँकेत हाय की. त्यातलं काढू. अर्धं तुझं गेलं म्हण, अर्धं मी परत भरते. सरी? चालंल न्हवं?"

"आणि हप्ते माझ्या कार्डावर टाका, डॉक्टर." श्वेताला रडू फुटलं. "सॉरी रे, ब्रूनो."

"काळ्या म्हण त्याला."

दोघींनी एकाच रेघेवर दाटीवाटीनं सह्या केल्या. पैसे दिलेले एकीनं, ठेवलेले दुसरीनं, मग ते होते तरी कुणाचे, हे मला अजून उमगलेलं नाही. मी वाचलो एवढं खरं. आता मऊ भात खातो आणि उन्हात पडून विचार करतो.

मित्रांनो, जनावर तरणं आहे तोवरच त्याचा विमा काढा, वय विचारून लिहा. खर्चाची वेळ आली तर कोण काय करणार, तेही घरीच बसून ठरवा. आम्हाला हप्ते कळत नाहीत, आकडे कळत नाहीत. पण दवाखान्याच्या टेबलावरून माणसांचे चेहरे फार जवळून दिसतात.