पेलींच्या दारावर टकटक

दुपारी साडेतीनला रस्ता खात्याच्या डेपोतून फोन आला, की हेडली पेलीचा बर्फ सारायचा ट्रक पुलापाशी आहे आणि पाचपर्यंत तो घरी पोचेल. पावणेचारला वीज गेली. चारला फोन मुका झाला. आता सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

हेडलीच्या बायकोने, ड्रुसिलाने, घड्याळाकडे बघायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. ठरवल्यापासून ती दर पाच मिनिटांनी बघत होती.

चूल धडधडत होती. कालपासून भिजत घातलेला खारा कॉड मासा शिजून तयार होता, भिजवलेली कडक बिस्किटं एका बाजूला वाफेवर होती आणि डुकराच्या चरबीचे तुकडे तव्यावर कुरकुरीत होऊन निवतही आले होते. चुलीजवळच्या दिवाणावर सून बसली होती. मेरेडिथ मूळची हॅमिल्टनची, मोठ्या शहरातली. सातवा महिना चालू होता. मुलगा ग्लेन अल्बर्टात खाणीवर. तो कामावर असताना बायको तिकडे एकटी नको म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्याने तिला इथे, न्यूफाउंडलंड बेटावर, आईबापांकडे आणून सोडलं होतं. पण बाळंतपण तिच्या आईकडे व्हायचं होतं. गुरुवारच्या विमानाचं तिकीट काढून ठेवलेलं होतं. पुढे ग्लेनही हॅमिल्टनलाच नोकरी बघणार म्हणत होता. म्हणजे नातवंड बघायचं ते फोनच्या काचेत.

ड्रुसिलाला हे सोसत नव्हतं, पण ती बोलली नव्हती. मुलगी गुणी होती, आणि अडचण तीच होती. फ्रीजमधून दूध घ्यायचं तरी विचारून घेई. चहाच्या प्रत्येक कपाला आभार मानी. पहिल्याच दिवशी ड्रुसिलाने तिला सांगितलं होतं, की मिसेस पेली कसली म्हणतेस, ड्रू म्हण. तेव्हापासून ती सासूला काहीच म्हणत नसे. ‘ऐका ना’ यावर भागवी.

जरा पडते, असं मेरेडिथ म्हणाली, तेव्हा ड्रुसिला गोधड्या आणायला माडीवर गेली. गोधड्या एका मिनिटात सापडल्या. उरलेली दहा मिनिटं ती खिडकीशी उभी राहून रस्त्यावर ट्रकचे दिवे शोधत होती. रस्ताच दिसत नव्हता. ती खाली आली तर दिवाण रिकामा होता. पोरगी खोलीत जाऊन पडली असणार.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. टक, टक, टक.

बेकर्स आर्म या त्यांच्या गावात दार कोणी वाजवत नाही. माणूस सरळ आत येतो, बूट काढतो, चुलीशी बसतो आणि बोलण्यासारखं काही असलं तर बोलतो. दार वाजवतात दोघेच, पोलीस आणि पाद्री. बावीस वर्षांपूर्वी दोघे एकदमच आले होते, ड्रुसिलाच्या भावाची, लेस्टरची, होडी सापडली होती तेव्हा. त्या दिवशी दार तिनेच उघडलं होतं.

आज तिने उघडलं नाही. गोधड्या छातीशी धरून ती दिवाणावर बसली. दार उघडेपर्यंत तरी हेडली पुलापाशी सुखरूप होता. डेपोने तसं सांगितलं होतं. पुन्हा टकटक झाली. पोरगी जागी होईल, या दिवसांत असलं काही तिच्या कानावर पडायला नको, एवढंच तिच्या मनात आलं. तरी ती उठली नाही.

मग दाराला खालून लाथ बसली आणि बाहेरून आवाज आला, “ऐका ना. हात गोठले माझे.”

ड्रुसिलाने दार उघडलं. मेरेडिथ बर्फाने पांढरीफटक होऊन उभी होती, हनुवटीपर्यंत लाकडं घेऊन, आणि त्यातल्याच एका ओंडक्याच्या टोकाने दार वाजवत होती. सासू दमली आहे, निदान लाकडं तरी आणावीत, असं तिला वाटलं होतं.

ड्रुसिलाने लाकडं हिसकावून खाली टाकली. तिच्या डोक्यावरचा बर्फ झटकताना चार हलके फटकेही दिले असावेत.

“दार कशाला वाजवलंस?”

“बंद होतं.”

“बंदच असतं ते, बाहेर वादळ आहे. आपल्या घराचं दार कोणी वाजवतं का, मूर्ख पोरी?”

मग ती पडलेली लाकडं उचलायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. मेरेडिथने तिला खाली बसवलं. ड्रुसिलाने लेस्टरचं सांगितलं, पोलिसाचं आणि पाद्र्याचं सांगितलं. ऐकता ऐकता मेरेडिथचा चेहरा उतरला. आपण सासूचा जीवच घेतला असता, असं ती पुटपुटली. थोड्या वेळाने म्हणाली, “दोन महिन्यांत आज पहिल्यांदा ओरडलात माझ्यावर.”

“चुकलंच माझं.”

“नाही हो. आमच्याकडे न्याहारीच्या आत आईची नि माझी तीन भांडणं होतात. इथे सगळे इतके गोड वागतात की मला वाटलं, गुरुवारची वाट बघतायत.”

“मी? त्या कॅलेंडरकडे बघवत नाही मला.”

“मग राहा म्हणाला का नाहीत?”

“राहा पाहुण्यांना म्हणतात,” ड्रुसिला म्हणाली.

मेरेडिथने चुलीत लाकूड सारलं. जायला तर हवंच, ती म्हणाली. आई एकटी, डॉक्टर तिथले. मग सासूकडे न बघता म्हणाली, “तुम्हीही चला. बाळ हातात घ्यायला. जूनमध्ये आपण सगळेच परत येऊ इकडे.”

ड्रुसिला आयुष्यात कधी विमानात बसली नव्हती. बेटावरच्याच सेंट जॉन्स शहराच्या पलीकडे गेली नव्हती. हेडलीला जेवायला कोण घालणार, असं ती म्हणून गेली, आणि दोघींनी एकदमच घड्याळाकडे पाहिलं.  मेरेडिथने तिचा हात धरून ठेवला आणि तिने तो सोडवला नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी हेडली आत आला. पुलावर मासळीचा एक ट्रक आडवा झाला होता. तो बाजूला ओढला, चालकाला त्याच्या घरी सोडलं आणि मग निघालो, एवढंच त्याने सांगितलं.  ड्रुसिलाने तव्यावरची चरबी पुन्हा गरम केली, ताट वाढलं आणि तो दुसरा घास घेईपर्यंत थांबली.

“मी गुरुवारी हिच्याबरोबर हॅमिल्टनला चाललेय,” ती म्हणाली. “बाळ होऊन जरा बाळसं धरेस्तोवर.”

हेडली चावत राहिला. बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, खिडकीवर आदळणाऱ्या बर्फाकडे पाहिलं.

“म्हणजे विमानतळापर्यंतचा रस्ता मलाच मोकळा करावा लागणार,” तो म्हणाला आणि ताट पुढे सरकवलं. “अजून थोडं वाढ. आता जाणारच आहेस, तर चार दिवस पोटभर खाऊन घेतो.”