झेंड्याखालची शपथ

सोनीबाईनं झेंड्याच्या काठीला हात लावण्याआधी तो लुगड्याला पुसला. दिवसभर कापूस वेचून बोटांवर ओरखडे उठले होते. सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्याखाली अख्खा तांडा जमला होता, तिचं आणि देवसिंगचं काय चाललंय याचा निवाडा करायला. एवढी माणसं तर तिच्या लग्नालाही नव्हती.

तिच्या आधी देवसिंग शपथ घेऊन बसला होता. बायको गेलेला, पासष्टीचा, लाजाळू गडी. काठी धरून म्हणाला होता, "सोनीबाई मले बहिणीवानी आहे." तिचीच अब्रू राखायला बोलला, हे तिला कळत होतं. पण जमिनीकडे बघून बोलला, ते लागलं.

आता तिनंही तेवढंच म्हणायचं होतं. मुलगा राजकुमार कानाशी लागला.

"याडी, एकच वाक्य आहे. बोल अन् घरी चाल."

सोनीबाईनं काठी घट्ट धरली आणि देवसिंगकडे वळली.

"काहून रे? बहिणीच्या पायातला काटा काढाले कोनी अर्धा दिवस लावते का?"

बायका पदरात हसल्या. तांड्याचा नायक बाबूसिंग खाकरला.

"भाभी, सरळ सांगा."

"सरळच सांगतो. मालक जाऊन पंधरा वर्सं झाले. रडाचं तेवढं रडून घेतलं. दोन वर्सांपासून याच्या वावरातल्या कोठ्यावर जातो, माह्या पायानं, दिवसाढवळ्या. मले हा मानूस आवडते. महाराजाची आन."

अशी शांतता पसरली, की घाटंजीच्या बाजारात कोणी शिंकलं असतं तर इथून आशीर्वाद देता आला असता.

नायक दोघा म्हाताऱ्यांशी कुजबुजला. झेंड्याखाली खोटी शपथ म्हणजे तांड्याबाहेर, हा बापजाद्यांचा नियम. बहिष्काराविरुद्ध कायदा आल्यापासून तो शब्द मात्र नायक तोंडातून काढत नसे.

"दोन शपथा झाल्या, एक खोटी," तो म्हणाला. "सोनीभाभी खरं बोलली. तिनं खुशाल तांड्यात राहावं. देवसिंगनं होळीपर्यंत तांड्यापासून जरा दूर राहावं."

राजकुमारनं सुटकेचा निःश्वास टाकला. देवसिंग उठला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि कोणाकडेही न बघता वावराच्या वाटेला लागला.

सोनीबाईचा हात काठीवरून घसरला. खरं ती बोलली होती, आणि घर त्याचं सुटलं होतं. तिनं चपला पायात सरकवल्या.

"नायक, खरं बोलनाऱ्यानं तांड्यातच राहावं, अशी सक्ती तं नाही न?"

नायकानं म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी आभाळाकडे.

"याडी, लोकं काय म्हनतील!" राजकुमार आडवा आला.

"म्हनू दे. फक्त काठी धरून म्हना म्हनाव."

देवसिंग वळणावर बाभळीखाली थांबला होता. तिला बघून तो वाटेवर आला. सोनीबाई त्याच्याजवळ थांबली नाही. तशीच कोठ्याच्या वाटेनं पुढं झाली.

देवसिंग तिच्या मागं चालू लागला, दोन पावलं अंतर राखून.