टिकारामचे कुऱ्हाडवाले

"कोनालेच खरं वाटनार नाही, कोनालेच!" पडवीची पायरी चढता चढताच यादोरावाने आवाज लावला. "माझ्या आज्याच्या टायमाले कोंढ्याच्या जंगलात एक कुऱ्हाडवाला होता. बिबट्यावर त्यानं असा घाव घातला, का बिबट्या पडला एकीकडे अन् त्याचे ठिपके एकीकडे. ठिपके त मंग पोळ्यापर्यंत एकलेच फिरत होते गा जंगलात! बाया सरपनाले जायले भेत."

पडवीच्या जमिनीवर चुन्याने खेळाच्या पटाची घरं आखत बसलेला कृष्णराव हसला. खाटेवरचा टिकाराम हसला नाही. पोट हललं नाही तर माणसाला हसू येत नाही, असं यादोरावाला अलीकडे वाटू लागलं होतं. टिकारामचं पोट हलत नव्हतं. हात नाही, पाय नाही. त्याचं मानेखालचं सगळं अंग गेल्या वर्षी जंगलातलं कूप, म्हणजे तोडीला काढलेला पट्टा, तोडताना एका झाडाखाली सापडलं, आणि गाडीत घालून आसगावला परत आणला तो फक्त बोलणारा टिकाराम.

दारातून टिकारामच्या बायकोने, चंद्रकलाने, डोळ्यांनीच खूण केली. यादोराव आत गेला. ती धानाच्या कापणीवरून नुकतीच आली होती. लुगड्याला काडीकचरा तसाच होता. चुलीवर लाखोरीची डाळ खदखदत होती.

"भाऊजी, कालपासून यायच्या पोटात दाना नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "काल डाव हरले न, तवापासून तोंडच उघडत नाही. म्हनते, माहे कुऱ्हाडवाले जिंकले त जेवीन, नाही त कायले जेवू? जो गडी कामाचा नाही त्याले कोन चारते, म्हनते."

"येडा झाला का तो?"

"येडा असता त बरं होतं. तुमीच बसवला हा खेळ. आता तुमीच पाहा."

ते मात्र खरं होतं. हा पट गोंड राजाने आपल्या पणज्याला शिकवला, असं यादोराव चारचौघांत सांगायचा; प्रत्यक्षात कुपाच्या कामावर दुपारची भाकर खाऊन झाल्यावर एका मोहाखाली त्याने तो स्वतःच्या डोक्यातून काढला होता. चिंचोके म्हणजे भालेवाले, करंजाच्या बिया म्हणजे तिरंदाज, मोहाच्या बिया म्हणजे कुऱ्हाडवाले. पाच कवड्या फेकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं चालायचं. सगळी टोळी या खेळाच्या नादी लागली. आणि कुऱ्हाडवाल्याचा नियम घालून दिला तो टिकारामनेच. त्याच्या एका घावात समोरचा मरतो, ढाल असली तरी मरतो. पण घाव घातला की 'अडकली' म्हणायचं आणि एक पाळी बसून राहायचं.

"आपल्याच गड्याइले कायले लंगडं करतं बे?" यादोरावाने तेव्हा विचारलं होतं.

"येनाच्या वल्ल्या खोडात कुऱ्हाड रुतली का निंघते का लवकर? हालवा लागते, बसा लागते," टिकाराम म्हणाला होता. "खेळात बी खरं पायजे."

पुढे असंच एक येनाचं झाड करकरलं. सगळे पळाले. टिकारामची कुऱ्हाड खोडात रुतली होती. "अडकली!" तो एवढंच ओरडला, आणि ती हलवत बसला.

यादोराव बाहेर येऊन पटाशी मांडी घालून बसला. टिकारामला मान वळवून जमीन दिसत नसे. तो वर छपराच्या फाट्यांकडे बघत पट डोक्यात धरायचा आणि चाली सांगायचा. त्याच्या कवड्या यादोराव फेकायचा, बियाही तोच सरकवायचा. समोर कृष्णराव. अड्याळच्या बाजारात बांगड्या विकणारा हा माणूस गिऱ्हाइकाला फुटकी बांगडी द्यायचा नाही आणि खेळात कुणाला सूट द्यायचा नाही.

"टिकाराम, आज तरी भालेवाले घे," कृष्णराव म्हणाला. "माझा भालेवाला दोन घरावरून टोचते. तिरंदाज तीन घरावरून मारते. तुझा गडी बाजूले येऊन ठेपेपर्यंत अर्धी फौज खपते. एखादा पोहोचला त एक घाव घालते अन् बसते अडकून. असा मानूस कायच्या कामाचा?"

"एक घाव त घालते न."

"एका घावासाठी कोनी जन्मभर पोसते का?"

बोलून गेल्यावर कृष्णरावाला आपण काय बोललो ते कळलं. तो उगाच चुन्याची रेघ बोटाने नीट करू लागला. आत डाळीत फिरणाऱ्या पळीचा आवाज थांबला.

"नाही पोसत," टिकाराम वर बघत शांतपणे म्हणाला. "म्हनून त खेळून पाहतो. फेक, यादोभाऊ."

डाव सुरू झाला. तिरंदाजांनी पहिल्याच फेऱ्यांत दोन मोहाच्या बिया उचलल्या. तिसऱ्या कुऱ्हाडवाल्याने एक भालेवाला पाडला, अडकला, आणि अडकल्या जागीच मेला. चौथ्याला टिकारामने मुद्दाम पुढे मरायला घातला, म्हणजे मागचा सुटेल. यादोराव मध्ये मध्ये बिबट्याच्या ठिपक्यांची गोष्ट लांबवायला बघत होता, पण ठिपके आज काही चालेनात.

शेवटी एकच कुऱ्हाडवाला उरला. कृष्णरावाचा राजा म्हणजे एक पितळी घुंगरू, पार कोपऱ्यात उभं. त्याच्या बाजूच्या घरापर्यंत कुऱ्हाडवाल्याला पाच घरं चालायची होती, आणि राजा पडला की डाव संपला. पुढच्या पाळीला तिरंदाज या शेवटच्यालाही उचलणार, हे तिघांनाही दिसत होतं. टिकारामला तर न बघता.

"पाच पायजेत," टिकाराम म्हणाला.

चंद्रकला दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात ताट होतं. भाताची वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि ती बाजूला होत नव्हती.

यादोराव जिभेने वाटेल ते फेकायचा, पण कवड्यांत त्याने उभ्या जन्मात कुणाला फसवलं नव्हतं. त्याने मूठ हलवली, तिच्यावर फुंकर घातली, आणि कवड्या सोडल्या.

दोन उताण्या. तीन पालथ्या.

कृष्णरावाने वर पाहिलं. यादोरावाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पाच," तो म्हणाला.

त्याने मोहाची बी उचलून घुंगराच्या शेजारी ठेवली.  कृष्णरावाने स्वतःच हात पुढे करून आपला राजा उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. खिशात जाताना घुंगरू किणकिणलं.

"हरलो बाबा," कृष्णराव म्हणाला. "तुझे कुऱ्हाडवाले भारी."

चंद्रकला खाटेच्या कडेला बसली. भातावर डाळ ओतून तिने घास कालवला, फुंकून निववला. टिकारामचे ओठ हलले. तिने लगबगीने घास पुढे नेला. पण तो बोलत होता.

"यादोभाऊ, पाच पडल्या असत्या त तू वरडून सारं आसगाव गोळा केलं असतं. पाच नव्हत्या न?"