हंडा खाली ठेवायचा नाही

“मावशी, ठेवा तो हंडा खाली. किती दम लागलाय तुम्हाला!”

“न्हाई ठिवायचा. धोंड्यापाशीच ठिवायचा असतो,” असं मागून येणाऱ्या इंजिनिअर पोरीला म्हणत नंदाबाई डोक्यावरचा भरला हंडा सावरत चढ चढू लागली.

वाटूरकडच्या या गावात नंदाबाईनं एकतीस वर्षं अंगणवाडीत खिचडी शिजवली होती. कोणतं पोर वाटाणे वेचून बाजूला ठेवतं, हे तिला अजून पाठ. आज सकाळी नव्या अंगणवाडीच्या पायासाठी नदीकाठी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या दिसल्या आणि ती तडक तिथं गेली.

“इथं पाणी येतं,” तिनं इंजिनिअर प्रियदर्शनीला सांगितलं.

“कधी आलं होतं?”

“लई जुनं. माझ्या सासूच्या सासूनंबी पाह्यलं न्हाई.”

प्रियदर्शनी हसली. तिच्या कागदांत असा पूर कुठंच नव्हता. नंदाबाई फणकाऱ्यानं घरी गेली, हंडा घेऊन आली आणि तो भरायला थेट नदीत उतरली.

नळ येण्याआधी गावच्या प्रत्येक नव्या सुनेला पहिला हंडा असाच न्यावा लागे. पूर जिथवर चढला होता त्या काळ्या धोंड्यापर्यंत, मध्ये कुठंही न टेकवता.

“म्या निम्म्यात टेकवला व्हता,” नंदाबाई धापा टाकत सांगत होती. “सासूनं सगळा वतून दिला. म्हणली, तू इथं ठिवशील, तुझी सून आणखी खाली ठिवल. मंग पाणी कुठवर आल्तं, हे कळायचं कसं?”

तिची स्वतःची सून आली तेव्हा दारात नळ होता. नंदाबाईनंही आग्रह धरला नाही. आज त्याची तिला लाज वाटत होती.

एवढ्यात तिचा गुडघा लचकला. तरी हंडा तिनं खाली टेकू दिला नाही.

“पोरी, घे गं जल्दी!”

प्रियदर्शनीनं कागद बगलेत मारले आणि हंडा डोक्यावर घेतला. निम्मं पाणी अंगावर सांडलं. धोंड्यापाशी हंडा टेकवून तिनं वळून पाहिलं. फक्कीच्या रेघा तिथून इतक्या खाली होत्या, की अंगणवाडीचं छतसुद्धा या हंड्याच्या खालीच राहिलं असतं.

ती खाली आली तेव्हा हसत नव्हती.

“उद्या साहेबांना आणते, मावशी. हंडा त्यांनाच घ्यायला लावते.”

नंदाबाई वाटेतच बसली होती. डोक्यावरची चुंबळ तशीच होती, सासूच्या लुगड्याची, सुनेला द्यायची राहून गेलेली. तिनं ती काढली, झटकली आणि प्रियदर्शनीच्या हातात दिली.