न्हाणीत पडलेली बाई

गोजरबाईला वास येत नाही, हे घरात कुणालाच पटत नव्हतं. नाक तर चांगलं जागेवर आहे! तीन वर्षं ती कानीकपाळी ओरडत होती आणि तीन वर्षं मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांत भाजी करपत होती. मधूनच चक्कर येई, मग भिंत धरून उभी राही. सून मेघा म्हणे, “आईंचं वय झालं.” एकोणसाठ म्हणजे काही गोवऱ्या मसणात जायचं वय नव्हे, पण सांगायचं कुणाला?

परवा दूध उतू जाऊन शेगडी विझली. गॅस घरभर पसरला आणि गोजरबाई तिथंच बसून निवांत मेथी निवडत राहिली. मेघा नातीला बालवाडीतून घेऊन दारात आली, म्हणून थोडक्यात निभावलं. मुलगा राजकुमार शेंद्र्याहून कामावरून आला आणि त्यानं हुकूम सोडला: आईनं स्वयंपाकघरात जायचं नाही, नातीला एकटीनं सांभाळायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं.

“डोक्याला कधी मार लागला होता?” डॉक्टरांनी विचारलं.

राजकुमार “नाही” म्हणाला, गोजरबाई “व्हय” म्हणाली. डॉक्टरांनी हात मोडला तेव्हाचा दवाखान्याचा जुना कागद पाहिला. न्हाणीत घसरून पडली, मनगट मोडलं, डोक्याला मार नाही. “तेव्हा कुणी पाहिलं असेल तर विचारून या,” ते म्हणाले. “डोक्याला लागलं असेल, तर वास त्यामुळंच गेला असेल. मग यांना विसराळू म्हणायचं कारण नाही.”

तो कागद गोजरबाईनं स्वतःच्या तोंडानं लिहवून घेतला होता, हेच तर दुखणं. तीन वर्षांपूर्वी नागपंचमीला ती माहेरी पडेगावला गेली होती. साखरेच्या आजारात भावाचा, सांडूदादाचा, पाय कापलेला. मुलानं, सुदर्शननं, त्याला बॅटरीवरची चारचाकी स्कूटर घेऊन दिलेली. वर तंबी, कुणाला धडक दिलीत तर गाडी परत नेईन. स्वारी खुशीत होती. बहिणीला गाडी दाखवायची म्हणून अंगणात फेऱ्या मारल्या, चुकून मागं न्यायचा खटका दाबला आणि मागं उभ्या गोजरबाईला उडवलं. तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं, हात अंगाखाली मुडपला.

“गोजा, सुदर्शनला कळलं तर गाडी जाईल. मी खाटेला खिळंन गं,” म्हणून दादा लहान पोरासारखा रडला. रिक्षात भावजय द्वारकाबाई म्हणाली, “अपघात म्हणलं की पोलीस येत्यात. न्हाणीत पडले म्हण. डोक्याचं तर काढूच नको, लई खोदून इचारत्यात.” गोजरबाईनं लिंबाएवढं टेंगूळ पदराखाली झाकलं. भावाचं नाव निघालं की बाईची अक्कल शेण खायला जाते.

रविवारी राजकुमारनं मामाला बोलावून घेतलं. गोजरबाईला वाटलं, सुटले. पण सुदर्शनच बापाला मोटारीत घालून घेऊन आला आणि त्याच्या शेजारीच बसला.

“मामा, खरं सांगा. तुमच्याकडं पडली तवा आईच्या डोक्याला लागलं होतं का?”

सांडूनं आधी मुलाकडं पाहिलं. “नाय बा. न्हाणीत पडली होती ती. हातावर.”

“दादा!” गोजरबाई उभीच राहिली. “तुझ्या गाडीनं उडवलं मला! वट्यावर डोकं आपटलं माझं. तूच हळद दाबली ना त्याच्यावर?”

“गाडीनं कधी उडवलं, आत्या?” सुदर्शननं विचारलं, लहान मुलाला विचारतात तशा आवाजात.

“लई दिस झाले त्याला, गोजा,” सांडू तिचा हात धरून मायेनं म्हणाला. “तुझ्या ध्यानात ऱ्हात नाय आता.”

त्या मायेची तिला शिसारी आली. खोटं बोलून मोकळा झाला असता तरी तिनं एक वेळ सोसलं असतं. मेला तिलाच वेडी ठरवून वर गोंजारत होता. तिनं हात झटकन सोडवून घेतला.

“तुझी गाडी ऱ्हायली, दादा. माझं घर गेलं.”

मग मेघा हळूच म्हणाली, “बघितलं ना मामा? आजकाल असंच कायबाय बोलतात.”

सांडूनं मान डोलावली.